क्षमेच्या अक्षरात अर्धं नाव नको



पर्युषण जवळ आलं की मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, "यंदा बॅनर कोण करणार?" मला थोडंफार कोरलड्रॉ येतं, म्हणून ते काम माझ्याकडेच येतं. पद्धत तुम्हाला माहीत आहे. जाड अक्षरात 'क्षमा' लिहायचं आणि त्या अक्षरांच्या पोटात त्या वर्षीच्या सगळ्या तपस्वींची नावं भरायची. लांबून एकच शब्द दिसतो, जवळ गेलं की एकेक नाव वाचता येतं.

दिसायला छान दिसतं. पण असं बॅनर करायचं असेल तर प्रत्येक नाव पूर्ण हवं, एकदाच हवं आणि सगळी एकाच मापाची हवीत, असं माझं ठाम मत झालं आहे. ते का झालं, ते सांगते. त्यात चूक माझीच आहे.

पहिल्या वर्षी मी सोपा रस्ता धरला. सगळी नावं एका मोठ्या चौकोनात ओळीने टाकली आणि 'पॉवरक्लिप' करून तो चौकोन अक्षरांच्या आत बसवला. दोन मिनिटांत काम झालं. पण पॉवरक्लिप म्हणजे कात्रीच. अक्षराच्या कडेबाहेर जे जाईल ते दिसेनासं होतं. जागा उरली तिथे मी काही नावं पुन्हा चिकटवली. त्यामुळे कुणाचं नाव तीनदा आलं, कुणाचं अर्धंच राहिलं. स्क्रीनवर मला ते नक्षीसारखं वाटलं, मी नावं वाचलीच नाहीत.

संवत्सरीला वडसाहून एक काकू एसटीने चंद्रपूरला आल्या होत्या. साठी उलटल्यावर त्यांनी आयुष्यातली पहिली अठ्ठाई केली होती. पारण्यानंतर त्या बॅनरजवळ गेल्या, चष्मा लावला आणि बोट फिरवत नाव शोधू लागल्या. सापडलं ते 'मा'च्या काठावर. पहिली दोन अक्षरं होती, पुढचं सगळं कापलेलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "असू दे गं, मी केलंय ते भगवंताला माहीत आहे." त्या दिवशी मी सगळ्यांना म्हटलेल्या मिच्छामि दुक्कडम्‌मध्ये त्यांना म्हटलेलं सर्वांत खरं होतं.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? तप दाखवायला थोडंच करतो आपण? नवकारात तर एकाही व्यक्तीचं नाव नाही, नमस्कार गुणांना आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. पण आपल्याकडे लोगस्सही आहे. त्यात चोवीस भगवंतांची नावं एकामागून एक येतात. आपण कुणाचं नाव अर्धं म्हणतो का? घाई असली तरी नाही. नाव घ्यायचं नसेल तर घेऊ नये, घ्यायचं तर पूर्ण घ्यावं.

आणि आपला भाग आठवा. चंद्रपूर, वरोरा, भद्रावतीत आपली घरं बऱ्यापैकी आहेत. मूल, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली, अहेरीकडे जावं तशी ती विरळ होत जातात. चातुर्मासात महाराजसाहेबांचा योग तिकडे क्वचितच. पावसात नाल्याला पूर आला की रस्ताच बंद. तिथली बाई घरात एकटीने उपवास करते, पच्चक्खाण फोनवर घेते. त्या बॅनरवरचं नाव हीच तिची संघातली हजेरी असते.

दूरच्यांना असं जोडून घेण्याची रीत आपल्यात जुनी आहे. पर्युषणानंतर दूरच्या आचार्यांना क्षमापना आणि चातुर्मासाची विनंती कळवायला संघ लांबलचक विज्ञप्तिपत्रं लिहीत. आग्र्याच्या संघाने 1610 मध्ये विजयसेनसूरींना पाठवलेलं विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. शालिवाहन नावाच्या चित्रकाराने ते रंगवलं. त्यात बादशहा जहांगीर आहे, तसे श्रावक-श्राविकाही आहेत. क्षमा मागताना संघ असा सगळ्यांना घेऊन उभा राहायचा.

आता लाभार्थींचा प्रश्न. एका वर्षी सूचना आली की बॅनरचा खर्च ज्यांनी दिला त्यांची नावं अक्षरात मोठी घ्या. मी नम्रपणे नाही म्हटलं. लाभार्थी परिवाराची अनुमोदना खाली वेगळ्या पट्टीवर जरूर करा, पण 'क्षमा'च्या आत माप एकच. अठ्ठाईवाली, मासक्षमणवाली आणि पहिलाच उपवास केलेली नऊ वर्षांची मुलगी, सगळ्या सारख्या. वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धातल्या मृतांचं स्मारक 1982 मध्ये उभं राहिलं. तिथे 58,000 हून जास्त नावं एकाच मापात कोरलेली आहेत, कुणाचाही हुद्दा न लिहिता. सैन्याला जमलं ते आपल्याला का जमू नये?

आणखी एक. यादी येते तेव्हा पुष्कळदा 'अमुकभाईंच्या सौ.' एवढंच लिहिलेलं असतं. उपवास तिने केला ना? मग तिचं स्वतःचं नाव लिहा.

ज्या बहिणी यंदा हे काम करणार आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. फाँट खूप जाड घ्या, बारीक अक्षरात नावं मावत नाहीत. अक्षराचं कर्व्हमध्ये रूपांतर करा. मग टेक्स्ट टूल घेऊन आकाराच्या आतल्या कडेशी क्लिक करा आणि नावं तिथे पेस्ट करा. ओळी आकाराप्रमाणे वळतात, नाव कापलं जात नाही. मात्र जागा संपली की शेवटची नावं गुपचूप दिसेनाशी होतात, म्हणून माप कमी करून सगळी बसवा. जागा उरली तर नावं पुन्हा टाकू नका, छोटी फुलं टाका. ग्रुपवरची युनिकोडमधली यादी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये थेट उतरत नाही. दुकानातला मुलगा ती पुन्हा टाईप करतो आणि तिथे 'अनिता'ची 'अनीता' होते. शेवटी साध्या कागदावर एक प्रिंट काढा. एकीने यादी वाचायची, दुसरीने पेन्सिलने खूण करायची. अर्धा तास लागतो. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं असतं, त्याहून कमीच.

मागच्या वर्षी वडसाच्या काकू पुन्हा आल्या होत्या. या वेळी त्यांचं नाव 'क्ष'च्या मधोमध होतं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि मग शेजारच्या चार बायकांची नावंही वाचली. "ही कोण गं, अहेरीची?" मला विचारलं. मी ओळख करून दिली.

यादी करताना माझ्याकडून कुणाचं नाव चुकलं असेल, राहिलं असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.