वॉरंट नाही, तर कारण विचारा

पोलीस शिपाई दारात येऊन 'साहेबांनी बोलावले आहे' म्हणाला, की जालना जिल्ह्यातील आमचा शेतकरी किंवा कारागीर बंधू मुकाट्याने वहाणा पायांत घालतो. कशासाठी, हे विचारीत नाही. मागे घरची माणसे पुढाऱ्याचे पाय धरतात. या भयाचे मूळ कशात आहे? आम्ही म्हणतो, कायद्याच्या अज्ञानात!

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. खून, दरोडा अशा दखलपात्र गुन्ह्यांत पोलिसांना वॉरंटावाचून पकडता येते. पण बांधाच्या भांडणात साधी दुखापत झाली, एवढाच गुन्हा असेल तर तो अदखलपात्र होय. त्यात वॉरंट पाहिजे. मात्र पोलिसांनी नावगाव विचारल्यास खरे सांगावे. ते नाकारणाऱ्यास तेथेही पकडता येते.

दुसरे असे की, गुन्हा दाखल होणे निराळे व अटक होणे निराळे. 1 सप्टेंबर 2023 रोजी अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी येथे लाठीमार झाला व पुढे गुन्हे दाखल झाले, तेव्हा हा भेद घरोघर ठाऊक असावयास हवा होता. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज का, हे पोलिसांनी लिहून ठेवलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बजावले. गरज नसेल तेथे नोटीस द्यावयाची. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्यास सबळ कारण नोंदविल्यावाचून पकडावयाचे नाही.

पकडलेच तर नातलगास कळविले पाहिजे, वकिलास भेटू दिले पाहिजे व प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीस अटक नाही. अपवाद करावयाचा तर स्त्री अधिकारी व मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी हवी. अटकेची कारणे पकडलेल्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत, असेही सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये ठरविले. तो खटला मुंबईतील मोटार अपघाताचा. पण त्यातून मिळालेला हक्क भोकरदनच्या कुणब्याचा व परतूरच्या सुताराचाही आहे.

बंधूंनो, शिपायाच्या अंगावर जाऊ नका, पळू नका. तोही बहुधा शेतकऱ्याचाच पोर आहे. पण हात जोडण्याआधी तोंड उघडा व विचारा, "गुन्हा कोणता? कारण काय? लेखी द्या." हे तीन प्रश्न आपल्या मुलींनाही शिकवा. जो विचारीत नाही, त्याचा हक्क कागदावरच वाळतो.