पहिलीचे गुरुजी

‘ज्याला दहावी शिकविता येते, त्याला पहिली शिकविणे काय अवघड?’ असे पालक पुष्कळदा विचारतात. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. बी. एड. झाल्यामुळे माध्यमिक वर्गांस शिकवितो. परंतु पहिली ते पाचवीस शिकविण्याचा अधिकार आम्हास नाही. त्यासाठी डी. एल. एड. ही पदविका व शिक्षक पात्रता परीक्षेची पहिली प्रश्नपत्रिका लागते. सहावी ते आठवीसाठी दुसरी. २०१८ साली बी. एड. झालेल्यांना प्राथमिक शाळेचे दार उघडले होते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केले.

हा निर्णय आमच्या हिताविरुद्ध असला, तरी आम्हास तो न्याय्य वाटतो. आपल्या जोयडा तालुक्यात रानवाट तुडवीत, कोकणी बोलत आलेल्या सहा वर्षांच्या मुलापुढे पुस्तक मात्र कानडी वा मराठी असते. घरच्या बोलीतून त्यास हळूहळू त्या भाषेत नेणे ही स्वतंत्र विद्या होय; ती बी. ए.च्या पदवीने लाभत नाही. म्हणून विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या पहिलीचा शिक्षक होऊ म्हणेल, तर त्यास ‘एवढेच?’ असे विचारू नका.