वीस बाइटचा बॅकअप

"सर्व्हर डाउन आहे, उद्या या." चंद्रपूर असो की एटापल्ली, खिडकीपलीकडून येणारं हे वाक्य आपण आता पावसापाण्यासारखं मान्य करून टाकलं आहे. भामरागडहून आलेल्या माणसाचा 'उद्या' म्हणजे पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडाली, पुन्हा एसटीचं भाडं गेलं. माझं म्हणणं एवढंच की डेटाबेस सर्व्हर उगाच बंद पडत नाही. डिस्क भरते, एखादी क्वेरी तक्त्याला कुलूप लावून बसते, जोडण्या संपतात, वीज जाते. काय झालं आणि किती वाजता झालं, हे बहुतेक वेळा सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं. पण तो लॉग उघडणं हे कोणाचंच काम नसतं. यंत्र घ्यायला पैसे मंजूर होतात, ते सांभाळणाऱ्यासाठी होत नाहीत.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. माझ्या हातून जे झालं ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याच्या नोंदींचा सर्व्हर माझ्याकडे होता. मायएसक्यूएलवर चालणारा जुना प्रोग्राम. त्यात बहुतेक सिकलसेलच्या तपासण्या. गडचिरोलीत हा आजार किती घरांत आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको. रोज रात्री दोन वाजता एक स्क्रिप्ट डेटाबेसचा डम्प काढून तो दाबून ठेवायची. सकाळी मी फाइल तयार झाली की नाही ते पाहायचो. तारीख बरोबर, नाव बरोबर, झालं.

मे महिन्यात एका दुपारी वीज गेली. 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र ज्या जिल्ह्यात आहे तिथे वीज जाते याचं नवल आम्ही कधीच सोडून दिलंय. यूपीएसची बॅटरी उन्हाने मेलेली. सर्व्हर नोंद लिहिता लिहिता बंद पडला. तक्ते मायआयसॅम प्रकारचे होते, म्हणजे अर्धवट राहिलेलं लिखाण पूर्ववत करायची सोय त्यांत नाही. इनोडीबीत ती आहे आणि 2010 च्या 5.5 आवृत्तीपासून मायएसक्यूएल नवे तक्ते तसेच बनवतं, पण जुन्या प्रोग्रामचे तक्ते बदलायला कोणी बसलं नव्हतं. कोणी म्हणजे मीच.

रुग्णांचा तक्ता उघडेना. मी घाईघाईने दुरुस्तीची आज्ञा दिली. आधी बिघडलेल्या फाइलींची जशीच्या तशी प्रत काढून ठेवायची असते, ते केलं नाही. तक्ता उघडला, पण ओळी कितीतरी कमी. मग बॅकअपकडे वळलो, तर शेवटच्या एकोणीस फाइली प्रत्येकी वीस बाइटच्या.

झालं असं होतं की एकोणीस दिवसांपूर्वी मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमध्ये बदलायचा विसरलो. डम्प रोज अपयशी होत होता. पुढचा दाबणारा प्रोग्राम मात्र आलेलं काहीच-नाही इमानेइतबारे दाबून फाइल करत होता. अशा साखळीत शेवटच्या प्रोग्रामचा निकाल धरला जातो, म्हणून स्क्रिप्टच्या लेखी सगळं रोज यशस्वी.

एकोणीस दिवसांच्या नोंदी आम्ही कार्यकर्त्यांच्या वह्यांवरून पुन्हा भरल्या. तिथे नावांनी छळलं. एका वहीत आत्राम, दुसरीत अत्राम. एकाच मुलाच्या दोन ओळी. माझं स्वतःचं आडनाव कागदोपत्री शेख, शेक आणि नुसतं 'शे.' असं तीन रूपांत फिरतं, तरी नावावरून माणूस शोधणारा तक्ता मी चालू दिला होता. त्यानंतर प्रत्येक रुग्णाला क्रमांकाचं कार्ड दिलं. पण काही मुलांचे निकाल जुळलेच नाहीत. रक्त पुन्हा घ्यावं लागलं. एक आई म्हणाली, "भाऊ, पोराचं रक्त त मागंच घेतलं होतं नं?" मी सर्व्हरचं कारण सांगितलं. खिडकीतल्या बाबूसारखंच.

मोठ्यांचंही असं होतं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसची फाइल-थैली पुसली. बॅकअपच्या एकाहून अधिक पद्धती कागदावर होत्या, पण रोजचा डम्प आवृत्ती न जुळल्याने अपयशी होत होता आणि तशी सूचना देणाऱ्या मेल पोचतच नव्हत्या. सहाएक तास आधीची एक प्रत योगायोगाने काढलेली होती, तिच्यावर निभावलं. झाली गोष्ट त्यांनी सगळ्यांसमोर मांडली. आपल्याकडे अशी चूक फाइलीत पुरली जाते, म्हणून पुढच्या तालुक्यात तीच पुन्हा होते.

दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप प्रत जाते, मग बॅकअप कशाला, असंही ऐकतो. अट न घालता दिलेली डिलीटची आज्ञा त्या प्रतीवरही क्षणात पोचते. आणि पोस्टग्रेस असेल तर डिस्क भरली म्हणून वॉल लॉगच्या फाइली हाताने पुसू नका. 'लॉग' हे नाव फसवं आहे. बंद पडलेला डेटाबेस त्यांच्याच आधारे उभा राहतो. जागा करायची तर दुसरं काही हलवा.

म्हणून बॅकअप घेतला का, हा प्रश्न मी विचारणं सोडलं. तो परत चढवून कधी पाहिला, हे विचारतो. ग्रामपंचायत असो, दवाखाना असो की वनहक्काच्या दाव्यांचं कार्यालय, हा प्रश्न तुम्हीही विचारा, त्यासाठी संगणक यावा लागत नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क कितीदा तुटलेला आहे. त्या दिवसांत चूक उमगली तर बाहेरून कोण येणार आहे?

आमच्याकडे मग एक टाकाऊ संगणक शोधला. दर सोमवारी आदल्या रात्रीचा बॅकअप त्याच्यावर चढवायचा, रुग्णांच्या ओळी मोजायच्या आणि तो आकडा साध्या वहीत पेनाने लिहायचा. मी ते काम सोडलं तेव्हा दुसरी वही सुरू झाली होती. गेल्या महिन्यात तिथे गेलो होतो. वही टेबलावरच होती, शेवटचा आकडा त्याच आठवड्याचा, आणि अक्षर दवाखान्यात औषधं वाटणाऱ्या ताईंचं.