धोक्याची भाषा कोणाची?

सिविल लाइंस, जयपूर : येथील शासकीय बंगल्यांपासून सांगानेरच्या रंगाई-छपाईच्या वस्त्या दूर नाहीत. रंगाईच्या धंद्यात ‘हायड्रो’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी भुकटी म्हणजे सोडियम डायथायोनाइट. तिला ओल लागली की ती आपोआप तापते, पेटही घेते. अशा वेळी तीवर तांब्याभर पाणी ओतणे म्हणजे आगीला साह्य करणे. ब्लीचिंगच्या द्रावणात आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो. (ही दुसरी गोष्ट बंगल्यांतील न्हाणीघरे धुणाऱ्यांनाही कोणी सांगत नाही.) मूळ पिंपावर इशारा असतो, तो बहुधा इंग्रजीत. माल पिंपातून डब्यात, डब्यातून बाटलीत जातो आणि लेबल पहिल्याच मुक्कामी मागे राहते.

कायदा याविषयी मुका नाही. भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात नवे प्रकरण घालून धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे भोगवटादारावर बंधनकारक झाले. 1989 च्या नियमांनी सुरक्षा माहितीपत्रक आणले. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही माहिती मिळवण्याचा हक्क आहे. परंतु ते पत्रक जाणकारासाठी लिहिलेले असते. ठेकेदाराने सकाळी आणलेल्या मजुरासाठी नव्हे. निरीक्षक फाइल मागतो, पत्रक सापडते, ‘पूर्तता’ असा शेरा पडतो.

भोपाळच्या कारखान्यात डिसेंबर 1981 मध्येच फॉस्जीनने एका कामगाराचा बळी घेतला होता. तीन वर्षांनी, त्या रात्री, शहरातील डॉक्टरांनाही कोणत्या विषावर उपचार करायचे हे धड कळले नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे 1913 चा कायदा आठवतो. पांढऱ्या फॉस्फरसने काडेपेटी कामगारांच्या जबड्याची हाडे सडत. सरकार पेटीवर इशारा छापून थांबले नाही. अशा काड्यांनाच बंदी केली, कारण निर्धोक पर्याय उपलब्ध होता. पर्याय असेल तेथे आजही तोच मार्ग योग्य. नसेल तेथे मात्र इशारा बोलून, मजुराच्या भाषेत, कामाला हात लावण्यापूर्वी द्यावा लागेल. लाल चौकटीतील चित्रे पुरेशी नाहीत : नुसती ज्योत आणि वर्तुळावरील ज्योत यांतील भेद शिकवल्याविना कोणाला कळणार?

निरीक्षकाने फाइलीआधी स्वतः निवडलेल्या तीन मजुरांना विचारावे, या बाटलीत काय आहे आणि डोळ्यात उडाले तर काय कराल. उत्तरे त्यांच्याच शब्दांत अहवालात उतरावीत. त्यासाठी नवा कायदा नको. तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवणे पुरेसे आहे.