हीटर नको, आधी छत बघा

बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणायची जुनी रीत आहे. दिवाळी ओलांडली, पहाटेचे धुके उतरू लागले, की ती खरीही वाटते. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपासचे पठार, निरभ्र आकाश आणि पूर्वेकडून येणारा कोरडा वारा, यांमुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा सहज १३-१४ अंशांवर येतो, एखाद्या आठवड्यात त्याहून बराच खाली. दुपारी मात्र चांगले ऊन असते. म्हणूनच इथे थंडीकडे कुणी गांभीर्याने बघत नाही. घर बांधताना पावसाचा हिशेब होतो, कारण गळती डोळ्यांना दिसते. उन्हाळ्याचाही होतो, कारण घाम येतो. थंडीच्या वाट्याला येते एक वाकळ, फार तर नवे ब्लँकेट, आणि अलीकडे ऑनलाइन मागवलेला रूम हीटर. बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या घरांत थंडी वाजते ती हवा फार गार असते म्हणून नव्हे, तर आपण गेल्या तीस-चाळीस वर्षांत ऊब धरून न ठेवणारी घरे बांधली म्हणून. दोष छपरात आणि भिंतीत असताना खर्च मात्र हीटरवर होतो, असे माझे म्हणणे आहे.

‘दोन महिन्यांची तर थंडी, तिचे काय एवढे?’ हा पहिला आक्षेप. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ने तेरा देशांतल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमानाशी जोडता येणारे जे मृत्यू निघाले, त्यांत थंडीचा वाटा एकूण मृत्यूंच्या सात टक्क्यांवर आणि उष्म्याचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. या तेरा देशांत भारत नव्हता, पण थायलंड आणि ब्राझील होते, म्हणजे हा निव्वळ बर्फाच्या मुलखाचा हिशेब नाही. बहुतेक मृत्यू कडाक्याच्या लाटेत झालेले नव्हते. ते साध्या, मध्यम गारठ्यात झालेले होते. याचे एक कारण उघड आहे. कडाका पडला की माणूस जपतो, मध्यम गारठ्यात दुर्लक्ष करतो. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, दमेकऱ्याची छाती भरते. पहाटे चारला उठून मोरीकडे जाणारे आजोबा वाकळ पांघरून जात नाहीत. पांघरुणाने अंग उबदार होते, खोली नाही, आणि घरातल्या म्हाताऱ्याला, बाळंतिणीला, पहाटे चहाचे आधण ठेवणाऱ्या बाईला गरज असते ती उबदार खोलीची.

आता ऊब जाते कुठे ते पाहू. हिवाळ्यातले निरभ्र आकाश रात्रभर जमिनीवरची उष्णता ओढून घेत असते, आणि त्या आकाशासमोर घराचा सर्वांत मोठा उघडा भाग म्हणजे छत. चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब दुपारी तापतो, संध्याकाळी ती उष्णता थोडी खाली सोडतो आणि मध्यरात्रीनंतर उलटतो. पहाटे तोच खोलीतली ऊब वर पोचवतो. पत्र्याची गत याहून वाईट. तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. श्वासाची आणि चुलीची वाफ त्याला आतून लागून तिचे थेंब होतात आणि पहाटे अंथरुणावर टपकतात. त्यात पावसाळ्यात मुरलेली ओल दिवाळीपर्यंत भिंतीत राहते, आणि ओली भिंत कोरडीपेक्षा लवकर गार होते.

जुनी घरे उबदार होती, असे सरसकट म्हणणेही बरोबर नाही. मंगळुरी कौलांच्या फटींतून वारा सरळ आत येतो. पण त्या घरांत कौलाखाली फळ्यांचा माळा असे, त्यावर पोती आणि अडगळ असे, आणि माणसे झोपत ती त्याखालच्या माजघरात. माजघराच्या चारी बाजूंना खोल्या, मागे चूल, पुढे सोप्याला लागून गोठा. एक धडधाकट गाय एखाद्या छोट्या हीटरइतकी उष्णता बाहेर टाकत असते, त्यामुळे गोठा घरात असण्यामागे राखणीइतकेच हेही कारण असेल. दोन फूट जाडीची मातीची भिंत दिवसाचे ऊन मुरवून रात्रभर सावकाश सोडे. आपण माळा काढला, भिंत सहा इंचांच्या सिमेंट ब्लॉकवर आणली, माजघराचा हॉल केला आणि त्याला दोन बाहेरच्या भिंती दिल्या. गुरे घरात परत आणा असे कुणी म्हणणार नाही. पण जे काढले त्याच्या जागी काहीच आले नाही, हे खरे.

जागा भरून काढायला हीटर आला. दोन हजार वॅटचा हीटर रोज तीन तास लावला तर सहा युनिट, महिन्याला १८०. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरगुती वीज ठरलेल्या मर्यादेत मोफत आहे. महिन्याचा वापर २०० युनिटवर गेला की सगळेच बिल भरावे लागते. म्हणजे फ्रिज, टीव्ही, मोटर धरून काठावर असलेले घर एका हीटरने योजनेबाहेर फेकले जाते. ज्यांना तो परवडत नाही ते शेगडी आत घेतात. बंद खोलीत कोळशाची धग म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. निपाणीत यात आणखी एक अडचण आहे. इथल्या कितीतरी घरांत बायका विड्या वळतात, म्हणजे घर हाच कारखाना. भिजवलेली टेंभुर्णीची पाने, मांडीवर सूप, खाली गार फरशी आणि भोवती तंबाखूची धूळ. वारा लागतो म्हणून दार-खिडक्या लावल्या तर ती धूळ छातीत जाते. उघड्या ठेवल्या तर बोटे आखडतात आणि हजारी पुरी होत नाही. ‘फटी बुजवा’ हा परदेशी पुस्तकांतला पहिला सल्ला इथे जसाच्या तसा घेता येत नाही. हवा खेळती ठेवून ऊब राखायची, तर ती छतातच राखावी लागते.

ते करता येते. स्लॅबवर एक इंच जाडीची कडक फोमची शीट, वर कोबा आणि फरशी, एवढ्याने उष्णतेची ये-जा जवळपास चौथाईवर येते. नुसत्या वीटतुकड्यांच्या कोब्याने तेवढे होत नाही. छताला पांढरा रंग मारण्याची सध्या लाट आहे. तो एप्रिलमध्ये कामाला येतो, पण डिसेंबरचे ऊनही परत पाठवतो. शीट दोन्ही ऋतूंत कामाला येते. पत्र्याच्या घराला फळ्यांचा किंवा बोर्डाचा साधा माळा घातला तरी टपकणारे पाणी बंद होते, मात्र पत्र्याखालची हवा कडेने खेळती ठेवावी लागते. दुसरा उपाय तर फुकटात पडतो. बेळगाव साधारण १६ अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून ५० अंशांवर असतो, आणि मेच्या सुरुवातीला बरोबर डोक्यावर. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा सज्जा असला, की थंडीत ऊन आत येते आणि उन्हाळ्यात येत नाही. पूर्व-पश्चिमेच्या खिडकीला हे जमत नाही. पण दक्षिण म्हटले की आपल्याकडे कपाळाला आठ्या. दक्षिणेचा प्लॉट स्वस्तात जातो, दक्षिणेच्या भिंतीला खिडकी ठेवली तरी तिच्यासमोर कपाट येते. दार कुठे हवे ते ज्याने त्याने ठरवावे. खिडकीबाबत मात्र वास्तूच्या सल्लागारापेक्षा सूर्याचे ऐकलेले बरे.

खर्चाचा आक्षेप उरतो, आणि तो खोटा नाही. नवे घर बांधताना शीटचा खर्च एकूण खर्चात फारसा जाणवत नाही. जुन्या स्लॅबवर तोच जड जातो, कारण कोबा उखडून परत करावा लागतो. पण ज्या घराचा कोबा गळतीसाठी नाहीतरी उखडायचाच आहे, तिथे वेगळी मजुरी पडत नाही, आणि या पावसाच्या पट्ट्यात असे घर शोधावे लागत नाही. शिवाय हिशेब दोन महिन्यांवर मांडायचाच नाही. जानेवारीची ऊब राखणारे छत एप्रिल-मेची झळही अडवते, म्हणजे ते वर्षातले चार महिने राबते.

नियम आहेत, पण ते चुकीच्या दारात उभे आहेत. केंद्राची ‘इको निवास संहिता’ २०१८ साली आली. छतातून किती उष्णता जाऊ द्यायची याची मर्यादा तीत आहे, आणि उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट जातो. पण संहिता लागू होते ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटला. आपला तीस-चाळीसचा प्लॉट भरतो १११ चौरस मीटर. प्रधानमंत्री आवास योजनेतले खेड्यातले घर तर २५ चौरस मीटरचे, सपाट प्रदेशात त्याला मदत १ लाख २० हजारांची. सर्वांत उघडे छत ज्यांच्या डोक्यावर आहे, तेच नियमाबाहेर आहेत. कागल, गडहिंग्लज, चंदगड आणि इकडे निपाणी, चिकोडी, खानापूर. सीमेच्या दोन्ही बाजूंना गारठा एकच आणि योजनाही एकच. त्या मदतीत छताच्या थराची रक्कम वेगळी धरली आणि ग्रामपंचायतीच्या अभियंत्याने शेवटचा हप्ता सोडण्याआधी तो थर पाहिला, तर वेगळी योजना काढावी लागणार नाही. काम उरकायचे मार्च ते मेमध्ये, कारण मृग लागला की स्लॅब पुन्हा उघडता येत नाही.