डोंगरीच्या तारखा आणि महापालिकेची तिजोरी

गणपतीच्या दहा दिवसांत लालबाग-परळमध्ये कॅमेरे दर्शनाच्या रांगांवर असतात. त्याच गर्दीतून मोबाईल मारल्याच्या संशयावरून आपल्या चाळीतला एखादा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा उचलला जातो, त्याची बातमी होत नाही. पुढे त्याची आई घरकामाचे खाडे करून डोंगरीला तारखेला जात राहते. ही तारीख पुढे का जाते आणि ती थांबवायला लागणारा पैसा कोणाच्या हातात आहे, हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवे.

डोंगरीचे म्हणजे उमरखाडीचे निरीक्षणगृह मुळात तुरुंग होता. टिळक आणि आगरकर यांनी 1882 मध्ये इथेच 101 दिवस काढले. पुढे 1924 चा मुंबई बाल अधिनियम आला, 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. मुलांसाठी वेगळे न्यायालय ही कल्पना या शहराला शंभर वर्षांची ओळखीची आहे. मुंबईच्याच पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नका, त्यांचे खटले लवकर संपवा, असे राज्यांना बजावले. तरीही आजची अडचण तीच आहे.

आजचा 2015 चा बाल न्याय कायदा कागदावर मुलाच्या बाजूचा आहे. पोलीस कोठडी नाही, 24 तासांत बाल न्याय मंडळासमोर हजर करायचे, आणि जामीन हा नियम. जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा 'किरकोळ' धरला जातो. मोबाईलची साधी चोरी आणि हिसकावणे, दोन्ही यात बसतात. अशा प्रकरणाची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिने वाढवून, संपवायची असते. तेवढ्यातही संपली नाही, तर ती बंदच करावी लागते (कलम 14). हे कलम किती पालकांना कोणी सांगितले आहे?

मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक महिला हवीच. अंतिम आदेशाच्या वेळी दंडाधिकारी धरून किमान दोघे हजर लागतात. सदस्यांच्या जागा रिकाम्या असल्या, दंडाधिकाऱ्यांकडे दुसऱ्या कोर्टाचेही काम असले, परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल आला नाही, की पुढची तारीख. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या 2025 च्या अभ्यासात देशातल्या 362 मंडळांपुढची 55 टक्के प्रकरणे प्रलंबित आढळली आणि जवळपास चौथा हिस्सा मंडळे पूर्ण सदस्यसंख्येची नव्हती. जागा भरा, असे सर्वोच्च न्यायालयाने संपूर्णा बेहुरा प्रकरणात फेब्रुवारी 2018 मध्येच सांगितले होते.

आता पैशाचे. मंडळाचे सदस्य, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, निरीक्षणगृहे यांचा खर्च मुख्यतः 'मिशन वात्सल्य'मधून येतो. त्यात केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के. सदस्याला बैठकीमागे भत्ता मिळतो, केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत तो किमान 1500 रुपये आहे. कक्षातली बहुतेक माणसे कंत्राटी. दुसरी वाट जिल्हा नियोजन समितीची. जिल्हा वार्षिक योजनेतला 3 टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखायचा, असे राज्याचे धोरण आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग आणि डोंगरी हे सगळे मुंबई शहर जिल्ह्यातच येते आणि त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. ते आपल्या जयंतीच्या स्टेजवर हार घ्यायला येतात, तेव्हा हा विषय आपण कधी काढतो का?

तिसरी तिजोरी सर्वांत मोठी. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. मंडळ चालवणे महापालिकेचे काम नाही, हे उत्तर आपल्याला मिळेल आणि कायद्याने ते बरोबरही आहे. पण परळचे केईएम महापालिकेचे आहे आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. शाळेचा दाखला नसेल तर वय ठरवायला महापालिकेचाच जन्मदाखला लागतो. सुटून आलेल्या मुलाला परत बसवायचे वर्ग तिच्याच शाळांत आहेत. डोंगरीसाठी समुपदेशक देणे, दाखले आठवड्यात काढून देणे, शाळेत पुन्हा प्रवेश देणे यासाठी नवा कायदा लागत नाही, अर्थसंकल्पात एक ओळ लागते. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार चालला, त्या काळात ती ओळ मागायला महिला व बालकल्याण समितीसुद्धा नव्हती.

पुण्यात 19 मे 2024 च्या पोर्शे अपघातानंतर अल्पवयीन मुलाला काही तासांत, 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीवर, जामीन मिळाला आणि देश भडकला. पुढे मंडळाचे दोन सदस्य हटवले गेले. आमचे मत इथे थोडे वेगळे आहे. जामीन लवकर मिळतो, हा कायद्याचा हेतूच आहे. राग यायला हवा तो हीच तत्परता चाळीतल्या पोराच्या वाट्याला येत नाही याचा. पण चर्चा झाली ती वयाची अट खाली आणण्याची. वय कमी केले, तर आत जाणारी पोरे कोणत्या वस्तीतली असतील? देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती 16.6 टक्के आहेत आणि तुरुंगात साधारण पाचातला एक कैदी या समाजातला आहे.

बाबासाहेब ज्या परळच्या बीआयटी चाळीत राहिले, तिथून डोंगरी काही किलोमीटरवर आहे. आपल्यात वकिलीची सनद घेतलेली आणि समाजकार्याची पदवी घेतलेली मुले-मुली आता कमी नाहीत. मंडळाच्या सदस्यपदाची जाहिरात निघते, तेव्हा त्यांनी अर्ज करावेत. त्याआधी माहितीच्या अधिकारात जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे तीन गोष्टी मागाव्यात: मंडळाच्या गेल्या वर्षातल्या बैठका किती, सहा महिन्यांवरची किरकोळ प्रकरणे किती, आणि 3 टक्क्यांतले किती रुपये डोंगरीपर्यंत पोहोचले. अर्जाची फी 10 रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही माफ.