शाळेची हद्द कोण आखतो?



जिंतूर तालुक्यातील कोणत्याही गावी जा. अमक्या जातीच्या मुलांनी आत येऊ नये, अशी पाटी शाळेच्या दारावर आज कोठेही आढळणार नाही. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १५ व्या कलमाने भेदभावास मनाई केली. तशी पाटी लावण्याची छाती आता कोणास नाही. परंतु मुलांना वेगवेगळे बसविण्यास पाटीच लागते असे नाही. त्यास एक रेषाही पुरते. अमुक घर या शाळेच्या अंतरात येते, अमुक येत नाही. अमुक शाळा चालू राहील, अमुक बंद होईल. ही रेषा कचेरीत बसून कागदावर ओढली जाते. तिच्या कोणत्या बाजूस आपली मुले राहिली, हे आपणांस पुष्कळदा प्रवेशाची मुदत टळल्यावर कळते.

पूर्वीचा नकार उघड होता. १८५६ साली धारवाड येथील एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. एका मुलास घेतले तर ती शाळा बाकीच्या बहुसंख्य लोकांस निरुपयोगी होईल, असे कारण देऊन मुंबई सरकारने त्याची दाद घेतली नाही. पुढे १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला आणि पाणवठ्यांबरोबर सरकारी शाळाही अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, हे तत्त्व कागदावर आले. त्याच वर्षी मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला व प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक शाळा मंडळांकडे जाऊ लागला. एका हाताने दार उघडले, आणि दुसऱ्या हाताने दाराची किल्ली गावातील बलिष्ठांकडे सोपविली! आपले जिंतूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. येथे तो ठरावही नव्हता आणि तो कायदाही नव्हता. १९४८ नंतरच आपल्या वडीलधाऱ्यांच्या वाट्यास घटनेचे राज्य आले.

आता आजच्या रेषेकडे या. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने, कलम १२ अन्वये, खाजगी विनाअनुदानित शाळांनी आपल्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील शेजारच्या मुलांस विनाशुल्क द्याव्यात, असे ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी तो कायदा वैध ठरविला. यातील मर्म फी माफीत नाही. डॉक्टरचा मुलगा आणि मोलमजुराची मुलगी एका बाकावर बसावी, हे ते मर्म आहे.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने नियमांत दुरुस्ती केली. ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला या २५ टक्क्यांतून सूट मिळाली. वाचकहो, आपल्या जिंतूर शहराचाच नकाशा डोळ्यांपुढे आणा. जिच्या किलोमीटरभरात जिल्हा परिषदेची वा अनुदानित शाळा नाही, अशी खाजगी शाळा किती सापडेल? नियमात जातीचे नाव नाही, धर्माचे नाव नाही. आहे ते केवळ एक अंतर. पण त्या एका अंतराने मोलमजुरांच्या मुलांस खाजगी शाळेची दारे बहुतेक ठिकाणी बंद झाली असती. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दुरुस्तीस स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्दच केली. विधिमंडळाने वा संसदेने केलेला मूळ कायदा जे देतो, ते शासनाचा नियम काढून घेऊ शकत नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षात शिकविले जाणारे तत्त्व आहे. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

रेषेची ही युक्ती आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. त्यानंतर गोरी कुटुंबे शहरे सोडून उपनगरांत गेली, आणि १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, उपनगरांच्या शाळा मंडळांचा दोष सिद्ध झाल्याखेरीज त्यांची हद्द ओलांडून मुलांची वाटणी करता येणार नाही. निकाल उदात्त राहिला, हद्द जागेवर राहिली, आणि शाळा पुन्हा वेगळ्या झाल्या. आपल्या न्यायालयांनी २०२४ साली याच्या उलट मार्ग धरला, ही समाधानाची गोष्ट आहे.

येथे नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांस एक खुलासा करणे अवश्य आहे. 'अर्जावर बौद्ध लिहिले तर सवलत जाईल' ही भीती अजून कित्येक घरांत आहे. ती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू व शीख यांच्यासोबत बौद्धांचाही समावेश झाला. धर्म निःशंकपणे बौद्ध लिहा, आणि जातीचा दाखला प्रवेशाच्या आधीच काढून ठेवा. वंचित घटकातील अनुसूचित जातीच्या बालकास उत्पन्नाची अटही नाही. ऑनलाईन अर्जात घराचे ठिकाण नकाशावर नेमके दाखवा. अंतर त्यावरूनच मोजले जाते.

परंतु २५ टक्क्यांच्या जागा थोड्या, आणि आपली बहुसंख्य मुले जिल्हा परिषदेच्याच शाळेत आहेत. त्या शाळांवर दुसरी रेषा आली आहे, ती पटसंख्येची. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव शासनाने मागविले. अशा शाळा राज्यात १४ हजारांवर असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. पानशेत व तोरणमाळ येथील नमुने पुढे ठेवण्यात आले. मोठ्या शाळेत शिक्षक अधिक, खेळाचे मैदान, प्रयोगशाळा, हे खोटे नाही. पण वीसहून कमी पट कोठे असतो? वाडीत, तांड्यावर, गावकुसाबाहेरच्या वस्तीत. पहिली ते पाचवीच्या बालकास एक किलोमीटरच्या आत शाळा, हे शेजारच्या शाळेचे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. पावसाळ्यात ओढा भरला, बस आली नाही, की सात वर्षांच्या मुलीची शाळा सुटली. ती कोणत्या हजेरीपटावर नोंदली जाणार?

मग ही रेषा ओढणाऱ्यांस विचारणारा कोण? १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदेत शिक्षण समिती आहे. पण राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षे प्रशासकांनीच कारभार पाहिला. त्या काळात शाळेच्या दाराशी जी निवडलेली सत्ता उरली, ती एकच: शाळा व्यवस्थापन समिती.

आपण या समितीकडे फार उपेक्षेने पाहतो. कायद्याचे कलम २१ वाचा. तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. म्हणजे बारांची समिती धरली तर नऊ पालक. निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत. आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व दिलेच पाहिजे. शाळेचा विकास आराखडा ही समिती तयार करते, आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेखही तिचीच. आपल्या वाट्याची ही जागा कायद्याने आखून दिलेली आहे, तिच्यासाठी कोणाच्या ओट्यावर जाऊन विनंती करावयाची नाही.

प्रत्यक्षात काय घडते? वकिलीच्या धंद्यात मी पालकांकडून ऐकतो की, सभा झालीच नाही; नावे वहीत आधीच लिहिली गेली आणि सह्या मागाहून घरोघर फिरून घेतल्या. कोठे आपल्यातीलच एका मुकाट्याने बसणाऱ्या माणसाचे नाव घालून 'प्रमाण' पुरे केले जाते. ऊसतोडीस गेलेली कुटुंबे गावी नसताना सभा उरकली, तर तिला पालकांची सभा कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? समितीची मुदत दोन वर्षांची असते; ती केव्हा संपते हे मुख्याध्यापकांस लेखी विचारा, आणि सभेस भगिनींना पुढे पाठवा. निम्म्या जागा त्यांच्या आहेत, आणि मुलाच्या शाळेची खरी माहिती पुरुषांहून त्यांनाच अधिक असते, हा माझा अनुभव आहे. तांड्यावरील आणि इतर गरीब पालकांशी आधी बोलून घ्या. पटसंख्येची रेषा त्यांच्याही दारावरून जाते.

समितीच्या ठरावाने शाळा बंद होणे टळेलच, असे मी म्हणत नाही. तसा नकाराधिकार कायद्याने तिला दिलेला नाही. परंतु ठरावाचा कागदच नसेल, तर 'गावाची हरकत होती' हे न्यायालयापुढे दाखवावयाचे कशाने? म्हणून ठराव करा आणि इतिवृत्ताची प्रत घ्या. न दिल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागा. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिलेल्या हरकतीवर पोच व तारीख घ्यावी. कलम ३२ प्रमाणे बालकाच्या हक्काविषयीची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे जिल्हा परिषदेने, तीन महिन्यांत निकालात काढावयाची असते. तो निर्णय मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते, आणि त्या अपिलास पहिला कागद लागतो तो आपण पोच घेऊन ठेवलेल्या हरकतीचा.